जानेवारीअखेर पाणथळ शेतांतले पक्षी: भिगवणची गाळपेर की मावळातली भातखाचरं?

सिंहगडरोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं एका गाडीने पुण्याहून निघतोय. बोटीत बसून रोहित बघणं हा हेतू नाही, त्यावर इथे भरपूर लिहून झालंय. आम्हाला ओल्या शेतांतले पक्षी पाहायचेत आणि त्यांचे फोटो काढायचेत: शराटी, तुताऱ्या, पाणलावे, धोबी, आणि जमलंच तर हरभऱ्यात चरणारे पट्टकादंब.

सामान असं: कॅनन ९०डीवर सिग्मा १५०-६००, दुसऱ्याकडे निकॉन डी५६०० आणि ७०-३००. तिसरी मैत्रीण ८×४२ची दुर्बीण आणि वही घेऊन येणार, ती फोटो काढत नाही.

विचारायचं ते हे. एक, भिगवण बरं की कामशेत-पौड बाजूची भातखाचरं? दोन, शेतात किती आत जायचं, कुणाला विचारायचं, आणि गाळात पाय कुठे ठेवायचा? तीन, ओल्या मातीवर पांढरे पक्षी जळतात आणि साडेनऊनंतर लांबचे फोटो मऊ येतात, यावर उपाय काय? ७०-३००वाल्याने नेमकं काय टिपावं हेही सांगा.

---

भीमाकाठ

जानेवारीअखेर म्हणताय तर भिगवण. मावळ-मुळशीचं भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून होतं, मागच्या ओलीवर हरभरा, मसूर, वाटाणा पेरला जातो, आणि जानेवारी संपेपर्यंत बहुतेक खाचरांना भेगा पडलेल्या असतात. ओढ्यालगतचे किंवा झिरप्यावरचे तुकडे ओले राहतात, पण ते शोधत फिरण्यात तुमची सकाळ जाईल. ती खाचरं नोव्हेंबरात बघा. कापणी झालेली असते, घोट्याएवढं पाणी अजून असतं, आणि खेकडे-गोगलगायींवर ढोकरी, उघड्या चोचीचे करकोचे, कांडेसर उतरतात.

भिगवणला मात्र तारीख आधी पक्की करून पाणी नंतर बघणं उलटं आहे. भिगवण उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी आहे, आणि उजनी पावसाळ्याअखेर काठोकाठ असते. पुढे आवर्तनं (शेतीसाठी पाळीपाळीने सोडलेलं पाणी) सुटतात, पाणी मागे सरकतं, आणि उघड्या पडणाऱ्या गाळावर लोक पेरत पेरत खाली येतात. हीच गाळपेर. पाणी किती उतरलं यावर शेत आहे की नाही आणि पक्षी कुठे आहेत, दोन्ही ठरतं. पेपरात येणारी टक्केवारी जिवंत, म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याची असते. जिवंत साठा ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट), मृत साठा धरून एकूण सुमारे ११७, म्हणून उन्हाळ्यात आकडा उण्यात जातो. निघायच्या आठवड्यात तो शंभराच्या आसपासच असेल तर गाळपेर जेमतेम उघडलेली असणार. मग ट्रिप सरळ फेब्रुवारीअखेर किंवा मार्चला ढकला. पाऊस उत्तम झालेल्या वर्षी हे हमखास होतं, आणि रोहितही त्या वर्षी उशिरा येतात, कारण त्यांनाही गुडघ्याइतकंच पाणी लागतं.

काठावर पोचलात की वरून खाली तीन पट्टे दिसतील. सगळ्यात वर ऊस आणि जुनी पिकं. तिथे वेडे राघू, खाटीक, नीलपंख. मधे हरभरा, गहू, मका अशी कोवळी पिकं, त्यात कुठे ना कुठे पाणी देणं चालू. तुमचे शराटी, धोबी, गायबगळे इथले. आणि खाली पाण्याची नुसती साय असलेला उघडा गाळ: शेकाट्या, चिखल्या, तुताऱ्या, पाणटिवळे, पलीकडे बदकं. नवखी माणसं धावत तिसऱ्या पट्ट्याकडे जातात, आणि मधला पट्टा चालत ओलांडताना तिथले सगळे पक्षी उठवून जातात. शेतातले पक्षी हवे असतील तर मधल्या पट्ट्याच्या वरच्याच कडेला बसा.

पट्टकादंब रात्री आणि पहाटे हरभऱ्या-गव्हाच्या कोवळ्या शेंड्यांवर चरतात आणि उजाडल्यावर थोड्याच वेळात पाण्याच्या कडेला जाऊन बसतात. म्हणजे शेतातले हवेत तर उजाडण्याआधी जागेवर असणं भाग आहे. जानेवारीअखेर इथे सूर्य ७ वाजून ५-१० मिनिटांनी उगवतो. पुण्यातून साडेचारला निघा. हडपसर, उरुळी, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण हे साधारण १०० किलोमीटर आहे. रस्ता चांगला, पण गाळपाचा हंगाम असतो, आणि मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत. उजवी लेन मोकळी दिसली म्हणून वेग वाढवू नका, ट्रॉली तिथेही असते.

जागा म्हणून कुंभारगाव किंवा डिकसळची बाजू धरा. इंदापूर तालुक्याचा हा काठ पाण्याच्या दक्षिण-नैऋत्येला येतो. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवून दिवसभर दक्षिणेकडेच कललेला राहतो, त्यामुळे या काठावरून उत्तरेकडे बघताना सकाळी उजेड उजव्या खांद्यावरून येतो आणि नंतर पाठीशी. करमाळ्याच्या काठावरून हेच उलटं होतं आणि बराच वेळ उन्हाकडे तोंड करून बसावं लागतं.

कवडीपाट पुण्याजवळ आहे म्हणून कुणी सुचवेल. चक्रवाक आणि धोबी तिथे जवळून मिळतात, पण तो नदीचा बंधारा आहे, शेत नव्हे. जलपर्णी, फेस, प्लॅस्टिक हे सगळं चौकटीत येतं.

---

दारंधऱ्या_इंदापूर

शेतकऱ्याच्या बाजूने सांगतो.

कुणाला विचारायचं? सकाळी रानात दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) आलेला माणूस दिसेल, त्याला. तो मालक असो की वाटेकरी, पाणी कुठे चालू आहे, कुठे कालच भिजवलं, औषध कुठे मारलंय, हे त्यालाच माहीत असतं. लांबून हाक मारा, राम राम घाला आणि कॅमेरा खाली ठेवून बोला. कॅमेरा डोळ्याला लावून बांधावर चढलेला माणूस मोजणीवाला वाटतो, आणि मग पुढचं बोलणं अवघड होतं. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर दुसरं रान बघा.

पहिला प्रश्न हा विचारा: “या आठवड्यात थ्री फेज लाइट दिवसा आहे का रात्री?” मोटारीची लाइट पाळीने मिळते. दिवसपाळी असेल तर मोटार सुरू झाल्यावर पाणी सरीत शिरतं, जमिनीतले किडे, नाकतोडे, गांडुळं वर येतात, आणि पाण्याच्या पुढच्या कडेबरोबर गायबगळे, धोबी, साळुंक्या, शराटी सरकत जातात. पाणी कोणत्या वाफ्याकडे चाललंय ते बघून दोन वाफे पुढे बसलं की पक्षी चालत तुमच्याकडे येतात. रात्रपाळी असेल तर रान पहाटेलाच भिजलेलं मिळेल, मग उजाडताच जा. ऊन चढलं की किडे परत खाली जातात. नांगरट किंवा रोटाव्हेटर चालू असेल तर तीच गोष्ट, फक्त ट्रॅक्टरच्या मागे. मधे धावू नका, फाळाच्या बाजूला उभं राहू नका, आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसाल असं थांबा.

चालायचं ते बांधावरून, किंवा पीक नसलेल्या सरीतून. हरभरा फुलावर आला असला की पायाने घाटे-फुलं गळतात आणि त्याची भरपाई कुणी देत नाही. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका. गाडी गाडीवाटेवर आडवी लावू नका, उसाची ट्रॉली आली की तिला मागे घेता येत नाही. रुंद जागा बघून एका कडेला लावा.

आता गाळ. पिकाच्या शेवटच्या ओळीच्या पुढे जाऊ नका, हा नियम धरला तर बाकीचं लक्षात नाही राहिलं तरी चालेल. वरून वाळून पापुद्रे आलेला राखाडी गाळ भक्कम वाटतो आणि खाली लोण्यासारखा असतो. ओळख अशी: लव्हाळा किंवा हरळी उगवली आहे तिथे जमीन धरते. म्हशींच्या खुरांचे ठसे चार बोटं खोल असतील तर माणूस जाऊ शकतो, वीतभर असतील तर नाही. चकाकणारा, एकही ठसा नसलेला भाग म्हणजे जनावरांनीसुद्धा टाळलेला. हातात पाच फुटी काठी ठेवा आणि पुढे टोचत चला. रुतलात तर पाय सरळ वर ओढू नका, खाली पोकळी होऊन गाळ आणखी धरतो. मागे बसा, अंगाचं वजन पसरा, पाय गोल हलवून बाजूने हवा आणि पाणी आत शिरू द्या, मग एकेक पाय काढा. कॅमेरा आधी दुसऱ्याकडे द्या.

बुडालेल्या गावांच्या जुन्या विहिरी या पट्ट्यात आहेत. काही गाळाने भरल्यात, काहींवर नुसती साय आहे. पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडण्याइतकं पाणी उतरलं की या विहिरी, पडकी जोती, मासेमारीची तुटकी जाळी, सगळं वर येतं. त्या वेळी स्थानिक माणूस बरोबर घेतल्याशिवाय खाली उतरू नका.

मोटारीच्या वायरी ओल्या रानातून जमिनीवर पडलेल्या असतात, सांधे उघडे असतात. वायर ओलांडायची, उचलायची नाही, स्टार्टरच्या पेटीला टेकायचं नाही. कुंपणाला झटका मशीनची तार असेल तर ट्रायपॉडही तिला लागू देऊ नका.

आणि हंसांबद्दल, म्हणजे तुमच्या पट्टकादंबांबद्दल. कोवळा हरभरा खातात म्हणून त्यांना हाकलावं लागतं, हे खरं आहे. म्हणून शेतकरी हाकलतोय तोवर तुम्हीही पळवून उडतानाचे फोटो काढायचे, असं करू नका. ते उठून शेजारच्या रानात बसतात आणि नुकसान शेजाऱ्याचं होतं.

---

कंठेरी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. थोडं लांबेल.

पांढरे पक्षी जळतात कारण मीटर चौकटीचा मोठा भाग बघतो. काळ्या ओल्या मातीवर बगळ्याने चौकटीचा दहावा हिस्सा व्यापला असेल तर कॅमेरा माती उजळायला जातो आणि पिसं फटफटीत होतात. ऑटोवर असाल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेडाची भरपाई) −१पासून सुरुवात करा, कडक उन्हात −१ १/३. पण तोच बगळा उडून चकाकत्या पाण्यासमोर गेला की ही भरपाई उलटी पडते आणि तो काळवंडतो. म्हणून उजेड स्थिर असेल तर पूर्ण मॅन्युअल बरं, आयएसओसुद्धा बांधलेला. उन्हातल्या पांढऱ्या पक्ष्यावर एक फोटो काढा, हायलाइटची लुकलुक (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती) पाहा, ती जेमतेम थांबेपर्यंत शटर वाढवा आणि तिथे सोडून द्या. पक्ष्यावर पडणारं ऊन तेच आहे, मागे माती येवो की आकाश. नऊच्या स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ/८, १/१६०० ते १/२००० हे सुरुवातीला ठीक. सूर्योदयानंतरचा पहिला तास मात्र उजेड झपाट्याने वाढतो, तेव्हा दर दहा मिनिटांनी पुन्हा बघा. रॉमध्येच काढा. पांढऱ्या पिसांतला तपशील एकदा गेला की रॉमधूनही परत येत नाही, काळोखातला बराच येतो.

काळा शराटी आणि मोरशराटी याच्या नेमके उलट. मोरशराटी लांबून काळाच दिसतो, पण कललेलं ऊन बाजूने पडलं की पंखांवर हिरवा-जांभळा तकाकतो. त्यासाठी पांढऱ्याच्या सेटिंगपेक्षा एक स्टॉप जास्त द्या. एकाच चौकटीत पांढरा आणि काळा शराटी आले तर पांढरा सांभाळा.

शटर: उभी तुतारी, बीनबॅगवर लेन्स, तर १/५०० चालतं. चालताना १/१०००, कारण चिखल्या थांबत-पळत चालतो आणि धोबी सतत शेपूट हलवतो. उडताना १/२०००. पाणलावा आणि नदीसुरय असतील तर १/३२००. उजेड कमी असला की आयएसओ वाढवा, शटर उतरवू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

९०डीवर ६०० मिमी, एफ/६.३ आणि १५ मीटर अंतर असेल तर स्पष्टतेची खोली जेमतेम १५ सेंटीमीटर मिळते. तुतारीला ती पुरते, पण तिरक्या उभ्या शराटीची चोच किंवा शेपूट बाहेर जाते. तो पूर्ण आडवा होईपर्यंत थांबा किंवा एफ/८ करा. धसकटं असलेल्या रानात फोकस एकाच पॉइंटवर ठेवा, झोन ठेवलात की तो पुढचं धसकट पकडतो. आकाशासमोर उडत असतील तर झोन चांगला. डी५६००वर एएफ-सी आणि ९ पॉइंट डायनॅमिक ठेवा.

७०-३००बद्दल. २० सेंटीमीटरची तुतारी १५ मीटरवर ६०० मिमीला चौकटीच्या रुंदीचा तिसऱ्याहून जास्त हिस्सा व्यापते, ३०० मिमीला साधारण सहावा. म्हणजे तुताऱ्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण चित्रबलाक सुमारे ९५ सेंटीमीटर उंच असतो, तो ४० मीटरवरसुद्धा ३०० मिमीला चौकटीच्या उंचीचा जवळजवळ निम्मा भाग भरतो. चित्रबलाक, शराटी, राखी बगळे, उडणारे थवे, आणि मुख्य म्हणजे पाणी देणारा माणूस आणि भोवती बगळे असे रुंद फोटो. हे ७०-३००चं काम आहे, ६००वाल्याला ते जमणारच नाही. शेतातल्या पक्ष्याचा फोटो शेतासकट यावा असं मला वाटतं, त्यामुळे ही लेन्स दुय्यम समजू नका.

साडेनऊनंतर फोटो मऊ येतात ते लेन्समुळे नाही. माती तापते, तिच्या लगतची हवा गरम होऊन वर सरकते आणि उजेड वाकतो. पक्षी जितका लांब आणि तुम्ही जितके खाली, तितका हा थर जास्त. म्हणून पोटावर पडून काढलेला फोटो साडेसातला सुंदर येतो आणि दहाला लापशी होतो. तपासायचं असं: लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून समोरच्या बांधाची कड बघा. ती लाटेसारखी हलत असेल तर २० मीटरच्या पलीकडचं सोडा. उंच बांधावर उभं राहून खाली बघत काढलं तर थोडं सुधारतं. भिजलेलं रान कोरड्यापेक्षा उशिरा तापतं, म्हणून नऊनंतर कोरडी माती मधे येणार नाही अशी जागा घ्या. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) लावू नका, तो हलणारी हवाच मोठी करतो. दहा ते साडेतीन कॅमेरा पिशवीत ठेवून दुर्बीण वापरा.

गाडीतून काढणार असाल तर इंजिन बंद, आणि काच उतरवून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना हेच करते. तिघंही एकाच बाजूला बसा, दार उघडू नका. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला घाबरतात. बीनबॅगला जुन्या जीन्सचा एक पाय पुरतो. आत प्लॅस्टिकची पिशवी, त्यात दोन किलो तांदूळ, पाऊण भरलेली. गच्च भरली तर लेन्स तिच्यात बसत नाही, आणि आतली पिशवी नसली तर तांदूळ भिजून आंबतो. बांधावर जमिनीलगत काढायचं असेल तर प्लॅस्टिकचं घमेलं घ्या, त्यात बीनबॅग, त्यावर लेन्स. ओल्या मातीवर ते ढकलत नेता येतं आणि लेन्स जमिनीपासून फूटभर राहते. अंगाखाली खताच्या दोन रिकाम्या गोण्या उसवून टाका.

झोपण्याआधी बांध काठीने ठोकून घ्या. उंदीर-खेकड्यांच्या बिळांजवळ घोणस असते आणि थंडीत सकाळी उन्हाला बांधावरच येते. ती सहज हलत नाही आणि वाळल्या पाचटात दिसत नाही.

---

वहीत_टिपणारी

दुर्बीणवाल्या ताईंसाठी, कारण शेतात ओळखीचा घोळ तुताऱ्यांचाच होतो. ठिपकेवाली तुतारी: पाय पिवळसर, पाठीवर दाट पांढरट ठिपके, भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब. हिरवी तुतारी: पाठ गडद, पाय हिरवट, भुवई फक्त डोळ्याच्या पुढे, आणि उडाली की पंखांची खालची बाजू काळसर, कंबर पांढरीफेक. तुतवार: सारखा मागचा भाग वरखाली हलवतो, खांद्यापुढे पांढरी पाचर, आणि ताठ पंखांनी पाण्यालगत उडतो. छोट्या कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं.

पाणलावा तीन-चार मीटरवर जाईपर्यंत दबून बसतो आणि मग नागमोडी उडतो, तेव्हा पंखाची मागची कड बघा. ठळक पांढरी पट्टी असेल तर साधा पाणलावा. पट्टी दिसत नसेल आणि तो थोड्या कोरड्या भागातून उठला असेल तर पिनटेल जातीचा असण्याची शक्यता जास्त. उठवून फोटो मिळत नाही. तो जिथे उतरला त्या कडेला गाडी लावून बसा, वीस-पंचवीस मिनिटांत चोच चालू होते.

टिटवी ओरडायला लागली की सगळं रान सावध होतं. त्या क्षणी आहात तिथे खाली बसा आणि ती गप्प झाल्यावर आणखी पाच मिनिटं थांबा. मार्चनंतर गेलात आणि टिटवी किंवा आर्ली डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर अंडी पायांजवळच उघड्या जमिनीवर आहेत असं समजा आणि आल्या पावली मागे फिरा. फोटो नको, ठिकाण गटावरही नको.

ई-बर्डवर यादी टाकताना रान आणि पाणी यांच्या याद्या वेगळ्या करा. तिथे मराठी नावं निवडता येतात. “शेकडो” न लिहिता दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेचे गट थव्यावर मोजा. शेताची नोंदही टाका: भिजवलेलं, नांगरलेलं, धसकटाचं. चार हंगाम अशा नोंदी झाल्या तर त्या फोटोंहून उपयोगी पडतात.

---

सिंहगडरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. साठ्याचा आकडा रोज बघतो आहे, शंभराखाली बराच उतरला तरच निघू. दोन गोष्टी राहिल्या. गमबूट घ्यावेत का? आणि जुलैत मावळात चिखलणीच्या (लावणीआधी खाचरात चिखल करण्याच्या) वेळी जायचं असेल तर काय वेगळं लागतं?

---

मुळशीकर

गाळात गमबूट नको. गाळ तो धरून ठेवतो, पाय निघतो आणि बूट आत राहतो. घट्ट नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट घ्या. भातखाचरात घोट्याएवढाच चिखल आणि खाली घट्ट तळ असतो, तिथे गमबूट चालतो, पण मापाचा हवा. अनवाणी उतरू नका, कापलेल्या भाताची धसकटं तळवा फाडतात. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात खाचरात अजिबात नको, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो.

जुलैचा मुख्य फरक बांधांचा. लावणीआधी बांध ओल्या मातीने लिंपून घेतात, कारण खाचरात पाणी धरायचं असतं. ताज्या लिंपलेल्या बांधावर एक पाय पडला तरी कड फुटते आणि रात्रीत खाचर रिकामं होतं. त्या आठवड्यात आतल्या बांधांवर चढूच नका, रस्त्यावरून किंवा गाडीवाटेवरून काढा. रस्त्याकडेचं खाचर, त्यात पॉवर टिलर किंवा बैलांची चिखलणी, एवढं पुरेसं आहे. गायबगळ्यांची डोकी-माना तेव्हा नारिंगी असतात, ढोकरीची पाठ तपकिरी-जांभळी होते, आणि दोघंही कामात असलेल्या माणसाच्या हातभर अंतरावर बिनधास्त फिरतात. हा विणीचा पिसारा जानेवारीत मिळणार नाही.

उजेड कमी असतो. दुपारी दोनलाही एफ/६.३, १/१०००ला आयएसओ १६०० ते ३२०० लागेल, तो लावा. आकाश भरलेलं असल्यामुळे पांढरं जळत नाही, उन्हाची लहर नाही, दिवसभर काम होतं. मात्र राखाडी आकाश चौकटीत घेऊ नका, पक्षी काळा पडतो. मागे हिरवं आवण (भाताच्या रोपांचा वाफा) येईल असं बसा. आवणाचा तो पोपटी तुकडा दहा-बारा दिवसच शिल्लक असतो, मग उपटून लावणी होते. लावणाऱ्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. वाकून काम चाललेलं असतं, समोर लेन्स रोखलेली कुणालाच आवडत नाही.

एसी गाडीतून उतरताना कॅमेरा पिशवीतच ठेवा, चेन लावलेली. बाहेर वीस-तीस मिनिटं गेल्यावर उघडा, नाहीतर लेन्सवर दव धरतं आणि पुसलं की परत धरतं. त्यापेक्षा शेवटचे दहा किलोमीटर एसी बंद करून काचा उघडा.

---

कंठेरी

परतल्यावरचं एक राहिलं. ट्रायपॉडचे पाय चिखलासकट आत ढकलू नका, गाळाची बारीक कणी सांध्यात जाऊन पुढच्या वेळी पाय फिरत नाहीत. बाहेरच पूर्ण उघडे ठेवून पाण्याने धुवा, खालचा भाग काढून वेगळा वाळवा. लेन्सच्या बाहेरचा चिखल मात्र ओला पुसू नका. वाळू द्या, ब्रशने झटका, मग ओलसर फडकं. झूमची कड आणि हुडचा सांधा शेवटी, आणि लेन्सचं तोंड खाली धरून.